प्राथमिक व दुय्यम माहिती : बीड जिल्ह्यातील पीककापणीचा धडा

शेतीविषयी निर्णय घेताना आपण आकड्यांचा आधार घेतो. अमुक मंडळात इतका पाऊस झाला, तमुक पिकाचा उतारा हेक्टरी इतका आला, असे आपण सहज बोलून जातो. परंतु तो आकडा कोणी, केव्हा व कोणत्या रीतीने मिळविला, हे क्वचितच विचारले जाते. संशोधनात मात्र आधी याच प्रश्नाचा विचार करावा लागतो. एखाद्या प्रश्नाच्या उत्तरासाठी स्वतः क्षेत्रावर जाऊन, मोजून, तोलून वा विचारून गोळा केलेली ती प्राथमिक माहिती होय. दुसऱ्या कोणी, बहुधा दुसऱ्या हेतूने, पूर्वीच गोळा करून ठेवलेली व आपण उपयोगात आणलेली ती दुय्यम माहिती होय. दुय्यम म्हणजे हलक्या प्रतीची, असा मात्र याचा अर्थ नव्हे.

दोन्हींची सांगड

पीकविम्याच्या व्यवहारात या दोन्ही प्रकारांची गाठ पडते. 2016 च्या खरिपापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उत्पन्नावर आधारित भरपाई ठरविताना दोन आकड्यांची तुलना होते. पहिला आकडा उंबरठा उत्पन्नाचा. मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने गुणून तो काढतात. म्हणजे तो जुन्या नोंदींतून येतो. दुसरा आकडा चालू हंगामाच्या उत्पन्नाचा. त्यासाठी मंडळातील निवडक शेतांत पीककापणी प्रयोग घेतले जातात. समजा, उंबरठा उत्पन्न हेक्टरी 1,000 किलो आहे व प्रत्यक्ष उत्पन्न 700 किलो भरले, तर विमा संरक्षित रकमेच्या शेकडा 30 इतकी भरपाई निघते.

पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने आणेवारी ठरवून केला जाई. पाहणाऱ्याच्या नजरेनुसार अंदाज बदले. डॉ. पां. वा. सुखात्मे व डॉ. वि. गो. पानसे यांनी 1940 च्या दशकात यादृच्छिक नमुना पद्धतीवर आधारलेले पीककापणी प्रयोग आपल्या देशात रूढ करण्याचे महत्त्वाचे कार्य केले. या पद्धतीत शेत व शेतातील जागा चिठ्ठीसारखी आपोआप ठरते. चांगले वा वाईट पीक पाहून निवडता येत नाही.

अर्ध्या किलोचे मोल

सोयाबीनसारख्या पिकासाठी 10 मीटर लांब व 5 मीटर रुंद, म्हणजे 50 चौरस मीटरचा प्लॉट आखतात. हेक्टरमध्ये असे 200 प्लॉट बसतात. म्हणून प्लॉटमधील वजनात केवळ अर्ध्या किलोची चूक झाली, तर हेक्टरी उताऱ्यात एक क्विंटलचा फरक पडतो. एकाच प्लॉटवरील चूक इतर प्लॉटांच्या सरासरीत बरीचशी विरून जाते. परंतु तीच चूक सर्वत्र झाली, तर सरासरीने ती मुळीच दुरुस्त होत नाही. शिवाय आजचा चुकीचा आकडा पुढील वर्षांच्या उंबरठा उत्पन्नातही शिरू शकतो. मुळातच खोट असेल, तर पुढचे सर्व गणित व्यर्थ होय.

दुय्यम माहिती पारखून घ्यावी

एकच आकडा एकाला प्राथमिक व दुसऱ्याला दुय्यम असू शकतो. पीककापणीची नोंद ती घेणाऱ्या खात्याची प्राथमिक माहिती. तीच नोंद परभणीच्या कृषी विद्यापीठातील संशोधकाने अभ्यासास घेतली, की त्याच्यापुरती दुय्यम. अशी माहिती स्वस्तात, त्वरित व अनेक वर्षांची मिळते. गेल्या दशकातील पाऊस आज कोणालाही नव्याने मोजता येणार नाही. परंतु ती कोठली, केव्हाची व कशासाठी घेतलेली, हे पाहणे अगत्याचे आहे.

बीड जिल्ह्याची सरासरी घ्या. गेवराई-माजलगावकडील गोदाकाठची काळी जमीन आणि आष्टी-पाटोद्याकडील बालाघाटची हलकी जमीन यांची एकत्र सरासरी कोणत्याच शेताला लागू पडत नाही. तीच गोष्ट वेळेची. 2011 च्या जनगणनेची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली. त्या दिवसांत जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी परगावी असतात. गावातील मजुरांची संख्या त्या आकड्यांवरून ठरविणाऱ्याने हे ध्यानी धरले पाहिजे.

शेतकऱ्याचे कर्तव्य

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली व आपल्या पिकाची नोंद करण्याचे काम शेतकऱ्याच्या हाती आले. प्राथमिक माहितीचा कर्ता आता तो स्वतः आहे. जे पेरले तेच, जितके पेरले तितकेच नोंदवावे. विम्याच्या अर्जातील पीक व पाहणीतील पीक यांत तफावत आढळल्यास दावा अडचणीत येतो. आपल्या शेतात पीककापणी प्रयोग असेल, तर प्लॉटची आखणी, कापणी, मळणी व वजन ही सर्व कामे होईपर्यंत स्वतः हजर राहावे आणि वजनाचा आकडा आपल्या वहीत तारखेसह टिपून ठेवावा. पुढे भरपाईविषयी प्रश्न उपस्थित झाल्यास ऐकीव गोष्टींपेक्षा त्या दिवशी लिहिलेली ओळ अधिक उपयोगी पडते.

सारांश, जुनी नोंद तुलनेचे माप पुरविते व प्रत्यक्ष मोजणी आजची स्थिती दाखविते. दोन्ही हव्यात; आणि दोन्हींचा उगम अखेर बांधावरच होतो.