रात्रीच्या थांब्यावर ठरतो विद्युत टॅक्सीचा हिशेब

भिलाई (छत्तीसगड) : ॲपवरून प्रवासी घेणाऱ्या टॅक्सीचालकाने विद्युत मोटार घ्यावी की नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा विक्रेत्याच्या दालनात शोधले जाते. बॅटरी किती मोठी, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, कर्जाचा हप्ता किती, याची तेथे चौकशी होते. व्यवसायाचा नफा-तोटा ज्या गोष्टीवर सर्वाधिक अवलंबून असतो, ती मात्र अनेकदा विचारायची राहून जाते. मोटार रात्री कोठे उभी राहणार आणि तेथील भिंतीवर प्लग बसविण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होय.

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये हा प्रश्न ठळकपणे समोर येतो. भिलाई पोलाद प्रकल्पासाठी सोव्हिएत संघाशी 1955 मध्ये करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांची आखीव वसाहत उभी राहिली आणि सिविक सेंटर हा त्या वसाहतीचा बाजार व सांस्कृतिक मध्य ठरला. दुकाने, महात्मा गांधी कला मंदिर आणि नेहरू आर्ट गॅलरी यांमुळे येथे दिवसभर वर्दळ असते. येथून सेक्टर 9 चे रुग्णालय किंवा दुर्ग स्थानक गाठणे ही छोटी फेरी झाली. रायपूर विमानतळ मात्र एका बाजूने पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. विमानतळाची एक फेरी आणि शहरातील काही भाडी मिळाली, की दिवसाचे दीडशे किलोमीटर सहज पूर्ण होतात.

हेच दीडशे किलोमीटर हिशेबासाठी धरू. लहान विद्युत मोटार घरच्या मीटरवर नोंदल्या जाणाऱ्या एका युनिटमागे सुमारे सात किलोमीटर धावते, असे मानणे व्यवहार्य ठरते. बॅटरीत प्रत्यक्ष साठणारी वीज मीटरच्या नोंदीपेक्षा कमी असते, कारण चार्ज होताना काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. या हिशेबाने रोज साधारण 21 ते 22 युनिट लागतात. महिन्यात 26 दिवस गाडी चालली, तर अंतर 3,900 किलोमीटर आणि वापर सुमारे 557 युनिट होतो. घरी युनिटमागे सात रुपये पडत असतील, तर किलोमीटरचा खर्च एक रुपया येतो. सार्वजनिक जलद चार्जरवर तेच युनिट करासह वीस रुपयांना मिळत असेल, तर किलोमीटरला पावणेतीन रुपयांहून अधिक मोजावे लागतात. दोहोंतील फरक महिन्याला सुमारे 7,200 रुपयांचा आहे. लिटरला शंभर रुपये आणि सोळा किलोमीटर असा हिशेब धरल्यास पेट्रोलवर किलोमीटरला सव्वासहा रुपये लागतात. त्या तुलनेत सार्वजनिक चार्जिंगही स्वस्तच आहे. परंतु विद्युत मोटारीची जादा किंमत आणि तिचा हप्ता पाहता ही सात हजारांची रक्कम चालकाच्या घरखर्चातील मोठा वाटा ठरते. वीजपुरवठ्यावर वस्तू व सेवा कर नाही. सार्वजनिक चार्जिंगच्या सेवेवर मात्र तो 18 टक्के आहे.

तथापि, ‘घरी सात रुपये’ हा आकडा डोळे झाकून स्वीकारता येत नाही. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने वाढतात. कुटुंबाचा पंखा, फ्रिज आणि कूलरचा वापर खालच्या टप्प्यांत बसतो, तर मोटारीचे पाचशे-साडेपाचशे युनिट त्याच्या वर जाऊन पडतात. म्हणून चार्जिंगचा खरा दर काढताना बिलाच्या एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागणे चुकीचे आहे. मोटार येण्यापूर्वीचे आणि नंतरचे बिल यांतील फरकाला वाढलेल्या युनिटांनी भागले पाहिजे. छत्तीसगडमध्ये 2019 पासून घरगुती ग्राहकांना 400 युनिटपर्यंतच्या वापरावर निम्म्या बिलाची सवलत होती. 2025 मध्ये ही मर्यादा बरीच खाली आणण्यात आली. टॅक्सी घरच्या मीटरवर चार्ज होऊ लागल्यास कुटुंबाचा वापर अशा कोणत्याही मर्यादेच्या पलीकडे जातो. मग सवलत गमावल्याचा भारही चार्जिंगच्या खर्चातच धरावा लागतो, आणि हिशेब करताना नेमका तोच विसरला जातो.

टॅक्सी हे व्यावसायिक वाहन असताना ती घरगुती दराने चार्ज करता येते का, ही शंकाही स्वाभाविक आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्ये स्पष्ट केले, की विद्युत वाहन चार्ज करून देण्यासाठी वीज कायद्याखालील परवान्याची गरज नाही. त्यानंतरच्या मार्गदर्शक सूचनांनी घरी खासगी चार्जिंगला मुभा देऊन त्यास घरगुती वापराचाच दर लागू असल्याचे नमूद केले. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाचे दरपत्रकही ग्राहकाने स्वतःच्या जागेत स्वतःचे वाहन चार्ज केल्यास त्या जागेच्या वर्गवारीचाच दर लावते. येथे ‘स्वतःचे वाहन’ हे शब्द कळीचे आहेत. शेजाऱ्याची मोटार पैसे घेऊन चार्ज करून देणे किंवा दोन-तीन टॅक्सींचा ताफा एका घरगुती मीटरवर पोसणे हा निराळा वापर ठरू शकतो. मंजूर प्रयोजनाव्यतिरिक्त वीज वापरल्यास वीज कायदा, 2003 च्या कलम 126 नुसार संबंधित वर्गवारीच्या दुप्पट दराने आकारणी होते. वर्षभराची बचत अशा एका निर्धारणात निघून जाऊ शकते.

यावरचा सरळ मार्ग म्हणजे चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी. ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये झालेल्या दुरुस्तीने विद्युत वाहनासाठी अशी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क दिला. नव्या जोडणीची मुदतही महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात दिवस आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस अशी कमी करण्यात आली. वेगळ्या मीटरमुळे घरगुती वापर वरच्या टप्प्यात ढकलला जात नाही आणि वर्गवारीचा वाद उद्भवत नाही. शिवाय चार्जिंगचा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून दाखविता येतो. मोटार एकाची आणि चालक दुसरा, ही व्यवस्था लहान शहरांत सर्रास आढळते. अशा वेळी चालकाच्या घरी जळणाऱ्या विजेचे पैसे कोणी द्यायचे, यावरून होणारी कुरबुरही स्वतंत्र मीटर किंवा निदान उपमीटर असल्यास टळते.

भिलाईत मात्र अर्ज कोणाकडे करायचा, येथूनच सुरुवात आहे. सुपेला, नेहरूनगर यांसारख्या भागांत राज्याची वीजवितरण कंपनी पुरवठा करते, तर पोलाद प्रकल्पाच्या वसाहतीत वितरणाचे काम प्रकल्पाचाच नगर विभाग करीत आला आहे. सिविक सेंटरपासून काही मिनिटांच्या अंतरावरील दोन चालकांना म्हणूनच दोन वेगळ्या कार्यालयांच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

विजेची जोडणी मिळाली तरी जागेचा प्रश्न उरतो, आणि तोच अधिक अवघड आहे. वसाहतीतील बहुतांश घरे मूळची कारखान्याच्या मालकीची. कर्मचाऱ्याला ती सेवाकाळापुरती मिळतात. कारखान्यात नोकरी करणाऱ्या वडिलांच्या क्वार्टरमध्ये राहून मुलगा टॅक्सी चालवीत असेल, तर अंगणाच्या भिंतीवर चार्जर बसविण्यासाठी घरमालक म्हणजे कारखानाच ठरतो. वरच्या मजल्यावरील कुटुंबाची अडचण त्याहून मोठी आहे, कारण मोटार खाली आणि मीटर भलत्याच ठिकाणी असते. खिडकीतून सोडलेली वायर हा त्यावरचा उपाय नव्हे. चार्जिंगविषयक सुरक्षा नियमांनी जोडवायरीचा वापर स्पष्टपणे नाकारला आहे. सॉकेट जमिनीपासून किमान 800 मिलिमीटर उंचीवर असावे आणि 30 मिलिअँपियरपर्यंतच्या गळतीला वीज तोडणारे संरक्षक उपकरण असावे, असेही हे नियम सांगतात.

या नियमांमागील कारण समजून घेण्यासारखे आहे. मोटारीसोबत मिळणारा साधा चार्जर 3.3 किलोवॉटचा असतो. 230 व्होल्टला तो चौदा अँपियरहून अधिक प्रवाह घेतो. गिझरही जवळपास तितकाच प्रवाह घेतो, पण पाणी तापले की पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. मोटार तोच प्रवाह सहा-सात तास अखंड ओढते, आणि तेही रोज. जुन्या वायरिंगमधील सैल जोड अशा वेळी तापतो, सॉकेट काळे पडते आणि पुढे वितळते. त्यामुळे मीटरपासून चार्जरपर्यंत पुरेशा जाडीच्या तांब्याच्या तारेची स्वतंत्र लाइन, तिचा वेगळा एमसीबी आणि चांगले अर्थिंग यांवर झालेला खर्च चैनीचा मानता येत नाही. अर्थिंग कमकुवत असल्यास अनेक मोटारी चार्जिंग सुरूच करीत नाहीत. दोष गाडीत असल्याचा समज करून चालक सेवा केंद्राच्या चकरा मारतो आणि बिघाड घराच्या जमिनीत असतो. मंजूर भार दोन-तीन किलोवॉटचा असलेल्या घरात तो आधी वाढवून घ्यावा लागतो. त्यामुळे स्थिर आकारही वाढतो.

वेळेचे गणित त्या मानाने दिलासा देणारे आहे. टाटा टियागो ईव्हीची बॅटरी 19.2 किंवा 24 किलोवॉट-तासांची आहे, तर एमजी कॉमेटची 17.3 ची. रात्री अकराला परतलेला चालक पहाटे पाचला विमानतळाचे भाडे घेऊन निघाला, तरी हाती सहा तास राहतात. 3.3 किलोवॉटच्या चार्जरने तेवढ्या वेळात सुमारे वीस युनिट मिळतात, म्हणजे जवळपास 140 किलोमीटरची सोय होते. एका पाळीत चालणाऱ्या टॅक्सीला साधा प्लग पुरतो, महागड्या 7.2 किलोवॉटच्या चार्जरचा आग्रह तेथे अनाठायी आहे. एकाच मोटारीवर दोन चालक दिवस-रात्र काम करीत असतील, तर मात्र घरच्या चार्जिंगला वेळच उरत नाही आणि सारा हिशेब सार्वजनिक चार्जरच्या दराने मांडावा लागतो. पूर्ण चार्ज केलेली बॅटरीही एका दमात विमानतळाच्या दोन फेऱ्या पेलण्याची शक्यता कमीच. उन्हाळ्यात वातानुकूलन अखंड चालते, तेव्हा ही मर्यादा आणखी अलीकडे येते.

दुपारची मंदी अशा वेळी उपयोगी पडते. सप्टेंबर 2024 च्या केंद्रीय सूचनांनी सार्वजनिक केंद्रांना सकाळी नऊ ते दुपारी चार या सौर तासांत पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या 0.7 पट आणि इतर वेळी 1.3 पट दराने वीज देण्याचे सूत्र ठेवले आहे. केंद्रचालकाने हा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचविला, तर जेवणाच्या सुट्टीतील अर्ध्या तासाचे चार्जिंग रात्रीची तूट भरून काढू शकते.

घराऐवजी कंपनीच्या आगारात चार्जिंग करण्याचा प्रयोगही देशाने पाहिला. ब्लूस्मार्टच्या मोटारी आणि चार्जिंगच्या जागा चालकांच्या नव्हत्या. चालकाने यायचे, गाडी घ्यायची आणि पाळी संपली की परत करायची. एप्रिल 2025 मध्ये सेवा थांबली तेव्हा गाडी आणि प्लग दोन्ही एकाच दिवशी हातचे गेले. स्वतःची मोटार घेणाऱ्याला ही भीती नाही, पण भाड्याच्या घरात तिचेच लहान रूप उरते. घर बदलले की भिंतीवरील चार्जर काढता येतो. वायरिंग, अर्थिंग आणि वाढविलेला भार मागेच राहतो. आदर्श इमारत उपविधींत 2019 मध्ये विद्युत वाहनांसाठी वीस टक्के पार्किंगची तरतूद झाली, पण ती नव्या बांधकामांसाठी. लंडनमध्ये स्वतःचे अंगण नसलेल्या घरांसाठी रस्त्यावरील दिव्यांच्या खांबांवरच चार्जिंगची सोय करण्यात आली आहे. भिलाईसारख्या आखीव वसाहतीत दिवे, रस्ते आणि वीज एकाच मालकाच्या हाती असताना हा मार्ग इतर शहरांपेक्षा सोपा असायला हवा.

सरकारी सवलतींचे चित्र थोडक्यात असे : ई-वाहनांवरील वस्तू व सेवा कर ऑगस्ट 2019 पासून पाच टक्के आहे. बॅटरीवरील प्रवासी वाहनांना ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेने परवान्याच्या अटीतून सूट दिली. टॅक्सीसाठीच्या विद्युत मोटारींना ‘फेम’च्या दुसऱ्या टप्प्यात मिळणारे अनुदान मार्च 2024 मध्ये संपले आणि ऑक्टोबर 2024 पासूनच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत मोटारींचा समावेश नाही. बॅटरीच्या हमीकडेही बारकाईने पाहावे लागते. खासगी मोटारींसाठी आठ वर्षे किंवा 1.6 लाख किलोमीटर अशी हमी प्रचलित आहे. वर्षाला 45,000 किलोमीटर धावणारी टॅक्सी ती मर्यादा सुमारे साडेतीन वर्षांतच गाठते. व्यावसायिक नोंदणीला हमीच्या अटी वेगळ्या असू शकतात.

म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी तीन कागद हाती असणे श्रेयस्कर : घराच्या किंवा क्वार्टरच्या मालकाची लेखी परवानगी, वीजपुरवठादाराने वाढविलेल्या भाराची किंवा वेगळ्या जोडणीची मंजुरी आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा अर्थिंगचा तपासणी अहवाल. यांपैकी पहिला कागद मिळण्यास सर्वाधिक वेळ लागतो, त्यामुळे अर्जाची सुरुवातही त्यापासूनच करावी.