ऊस हंगामात बैलांचा मूतखडा

कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की गाडीबैलांचा मुख्य चारा म्हणजे उसाचे वाढे. वाढ्यांत ऑक्झॅलेट हे द्रव्य असते. जनावर केवळ वाढ्यांवर ठेविल्यास व पाणी अपुरे मिळाल्यास लघवीतील क्षार साठून मूतखडा होण्याचा संभव असतो. बैलाची मूत्रनलिका लांब, अरुंद व वळणाची असल्याने खडा तिच्यात अडकतो. गाईस हा धोका कमी.

खडा अडकला म्हणजे बैल वारंवार शेपटी उचलून कुंथतो, पोटावर लाथा मारतो. लघवी थेंबथेंब होते. अशा वेळी लघवी सुटण्याची औषधे घरी पाजू नयेत. मार्ग बंद राहिल्यास मूत्राशय फुटते. मग कुंथणे थांबते व बैल बरा झाला असे वाटते. परंतु तो मरणपंथास लागलेला असतो. म्हणून पहिल्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. शस्त्रक्रियेने खडा काढता येतो.

प्रतिबंध सोपा आहे. वाढ्यांबरोबर कडबा व हिरवी वैरण द्यावी. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी. चुन्यामुळे ऑक्झॅलेट पोटातच बांधले जाते. आंबोणात मीठ घालावे, दिवसातून ३-४ वेळा स्वच्छ पाणी पाजावे. खोंड फार लहान वयात खच्ची करू नये.