पुरुषांनाही येतात उष्णतेच्या झळा

दुकानात पंखा सुरू असतो, बाहेर उकाडाही नसतो; तरीही गल्ल्यावर बसलेल्या साठीच्या गृहस्थाचा चेहरा एकाएकी लाल होतो, छाती तापते, सदरा घामाने भिजतो. ‘पित्त वाढले असेल’ म्हणून विषय मिटवला जातो. त्रास वारंवार होत असल्यास हे योग्य नव्हे.

स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या काळात संप्रेरके झपाट्याने घटतात. पुरुषांतील टेस्टोस्टेरॉन मात्र संथपणे कमी होते. म्हणून केवळ वयाकडे बोट दाखवून भागत नाही. ते एकदम घटले, की मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्र किंचित उष्णतेनेही विचलित होते. प्रोस्टेटच्या कर्करोगात हे संप्रेरक रोखणारे उपचार घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना अशा झळा येतात.

थायरॉइडची अतिक्रियाशीलता, रक्तदाबाच्या वा नैराश्यावरील काही गोळ्या आणि मानसिक ताण हीदेखील कारणे असू शकतात. मधुमेही व्यक्तीने गोळी घेऊन जेवण लांबवले, तर साखर उतरून दरदरून घाम फुटतो. रात्री अंथरूण भिजणे, बारीक ताप आणि घटते वजन ही लक्षणे एकत्र दिसल्यास क्षयरोग किंवा लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची तपासणी आवश्यक ठरते. घामासोबत छातीत दुखल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

झळेची वेळ, आहार व औषधे यांची पंधरा दिवसांची नोंद डॉक्टरांपुढे ठेवावी. कोणतीही गोळी परस्पर बंद करू नये. रोजमेळातील दहा रुपयांचा फरक सापडेपर्यंत न उठणाऱ्या व्यापाऱ्याने शरीराच्या हिशेबातील फरकही तितक्याच चिकाटीने शोधावा.