तीन दिवसांचा शिधा

मी यादी करायला बसले, की आमच्या घरातली मंडळी एकाएकी फार कामात असल्यासारखी दिसू लागतात. यजमान वर्तमानपत्रात तोंड घालतात, मुलांना अभ्यास आठवतो. राहतात ते मामंजी. तेही एरवी शेंगदाण्याची चटणी घेतली की नाही, एवढेच विचारून गप्प बसतात. पण २०२४ च्या डिसेंबरात मी बेंबळीची यादी करायला घेतली, तेव्हा ते खुर्ची ओढून माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "सूनबाई, मीठसुद्धा आपलं घ्यायचं. तिथं कोणाकडे काही मागायचं नाही."

बेंबळी हे मामंजींचे गाव. धाराशिवपासून अर्ध्या-पाऊण तासावर. त्यांचा जन्म १९४० चा, म्हणजे निजामी अमलातला. हैदराबाद संस्थान खालसा झाले तेव्हा ते आठ वर्षांचे होते. पुढे शिक्षण आणि नोकरी यांनी त्यांना पुण्याला आणले. १९७२ च्या दुष्काळात घरची जमीन विकली गेली, मागाहून वाटणीत माळवदाचा वाडाही गेला. गावात आपले म्हणावे असे काही उरले नाही, आणि नातेवाइकांकडे उतरणे त्यांच्या स्वभावात नाही. म्हणून इतकी वर्षे जाणेच झाले नव्हते.

त्या वर्षी वेळअमावस्या ३० डिसेंबरला, सोमवारी आली. शनिवार-रविवारला जोडून एक रजा काढली की झाले. एका स्नेह्यांच्या ओळखीने गावाबाहेर शेतातले दोन खोल्यांचे घर तीन दिवसांच्या भाड्याने मिळाले. मालक शहरात राहतात, घर असे अधूनमधून देतात. गॅसची शेगडी, चार भांडी आणि हंडाभर पाणी मिळेल, असा निरोप आला. आपल्याच गावी भाडे भरून राहायचे! मुलांना त्याची मोठी गंमत वाटली. मामंजींना वाटली नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर-धाराशिवकडे 'येळवस' म्हणतात. त्या दिवशी गाव ओस पडते, कारण सगळे गाव शेतात जेवायला जाते. दिवाळीला न येणारा मुलगा या दिवशी मुंबईहून घरी येतो, असे तिकडचे लोक कौतुकाने सांगतात.

तर यादी. आम्ही सहा माणसे, आणि जेवणे धरली सहा. माझा हिशेब आईकडून आलेला आहे. पोळ्यांना दर माणशी जेवणाला शंभर ग्रॅम कणीक, भात असेल तर तांदूळ मूठभर, डाळ त्याच्या निम्मी, आणि सगळ्यावर एका जेवणाची वाढ. ही वाढ पाहुण्यांसाठी नव्हे, गाडी बंद पडली तर म्हणून. पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि धपाटे केले. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्या की मऊ राहतात, आणि ज्वारीचे धपाटे थंडीच्या दिवसांत दोन दिवस सहज टिकतात. मग तांदूळ, तुरीची डाळ, कांदे, बटाटे, तेलाची लहान बाटली, चहा, साखर आणि पिठल्यासाठी किलोभर डाळीचे पीठ. मुलांनी आपल्या नकळत पिशवीत नूडल्सची आठ पाकिटे, पाव आणि जॅम कोंबले होतेच. पाण्याचे वीस लिटरचे दोन जारही गाडीत चढले. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, हे यजमानांच्या मनातून अजून गेलेले नाही.

मामंजींनी एकच जिन्नस आठवणीने मागितला. येसर. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ खमंग भाजून त्यात धने, मिरच्या, खोबरे, गरम मसाला घालून दळलेले हे मराठवाड्यातले पीठ. आयत्या वेळी उकळत्या पाण्यात कालवले, फोडणी दिली, की आमटी तयार. तयार पाकिटांचा शोध आपल्याला आज लागला असे वाटते, पण लग्नाच्या पंगतीला आणि लांबच्या प्रवासाला येसराचा डबा तिकडच्या बायका कधीच्या नेत आल्या आहेत.

टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी करीत आम्ही शनिवारी दुपारी पोचलो. घर स्वच्छ होते. समोर हरभरा, पलीकडे ज्वारी उभी, मध्ये बांधावर बोरी-बाभळी. गाडीतून सामान उतरू लागले तसे शेजारच्या शेतातल्या मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "किती दिस राहणार हाव?" त्यांनी विचारले. तीन दिवस म्हटल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण पाण्याच्या जारांकडे पाहून हसल्या. सायंकाळी त्यांचा मुलगा दुधाची किटली घेऊन आला. मामंजींनी आधी पैसे दिले, मगच किटली आत जाऊ दिली.

रविवार छान गेला. सायंकाळी मी भात चढवला, आणि अर्ध्या शिजल्यावर गॅसने मान टाकली. सिलिंडर हलवून पाहिले, आडवे करून पाहिले (असे करू नये, हे मलाही ठाऊक आहे), पण ते रिकामेच होते. मालकांना फोन लावला. ते म्हणाले, उद्या बघू. आता बघा, डाळ आहे, तांदूळ आहेत, मीठसुद्धा आपले आहे, आणि विस्तव नाही! सगळी यादी तपासून निघालेल्या माझ्यासारखीला एक काडेपेटी सुचली होती, पण ती लावायची कशाला, हे सुचले नव्हते.

मावशींनी कुंपणावरून विचारलेच. "काय झालं वो वहिनी?" मी सांगितले. "मग आणा की पातेलं इकडं. चूल पेटलेलीच हाय."

मी मामंजींकडे पाहिले. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मी पातेले उचलले.

मावशींकडे येळवसेची तयारी चालली होती. तिघी जणी पाट्यांतून तुरीचे, वाटाण्याचे, पावट्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे सोलत बसल्या होत्या. मेथी, चाकवत, कांद्याची पात, गाजर, वांगी यांचा ढीग वेगळा. हे सगळे एकत्र शिजवून, चिंचेचा कोळ घालून, डाळीचे पीठ लावून जी घट्ट भाजी होते तिला भज्जी म्हणतात. तिच्याबरोबर बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यात ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. हा सगळा स्वयंपाक पहाटेपर्यंत करून टोपल्यांतून शेतात न्यायचा. मी मनात म्हटले, सामान बांधून बाहेर जेवायला जाण्याची विद्या आपण यांना काय शिकवणार!

भात होत आला तेवढ्यात मावशींची सून रिकामा डबा घेऊन परतली. दुपारपासून गिरणीची वीज गेली होती, डाळ दळून मिळाली नव्हती, आणि घरचे पीठ पन्नास पानांच्या भज्जीला पुरणारे नव्हते. मी काही न बोलता घरी गेले आणि किलोभर पीठाची पिशवी आणून मावशींच्या पुढे ठेवली. त्यांनी ती हातात तोलली, पदराला हात पुसले आणि सुनेला म्हणाल्या, "घे. पिठाचं भागलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणे आले. मामंजी ओसरीवर बसून होते. "ज्याचं शेत त्याची येळवस," ते म्हणाले. "आपलं शेत राहिलं कुठं? तुम्ही जा."

मावशी स्वतः आल्या होत्या. डोक्यावर टोपली तशीच. "आबा," त्या म्हणाल्या, "भज्जीत पीठ तुमचंच हाय. आता कुणाची येळवस म्हणायची ही?"

मामंजी थोडा वेळ तसेच बसले. मग त्यांनी टोपी मागितली.

झाडाखाली कडब्याची खोप उभी केली होती. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडलेले. ते पाच पांडव. पूजा झाली, आंबील शेतात शिंपडली, मग पंगत बसली. मला भज्जी पहिल्या घासाला आंबट लागली, तिसऱ्याला कळली. मामंजींनी उंडा फोडून भज्जीत कुस्करला, वर कांदा घेतला, आणि दोनदा आंबील मागून घेतली. होय, मागून! मी यजमानांकडे पाहिले, त्यांनी मला डोळ्याने गप्प केले.

जेवण झाल्यावर ते थोरल्या नातवाला घेऊन बांधावरून बरेच लांब गेले. त्यांचे जुने शेत त्या बाजूला होते. परत आल्यावर एवढेच म्हणाले, "विहीर बुजवलीय. चिंच आहे."

आता पुढच्या खेपेची यादी मी केली आहे, ती अर्ध्या पानाची आहे. औषधे, चहाची पूड, येसर, पहिल्या रात्रीपुरते धपाटे. पाणी पहिल्या दिवसापुरते. सिलिंडर भरलेले आहे की नाही हे निघण्याच्या आदल्या दिवशी फोनवर विचारायचे, आणि आठवड्याचा बाजार कोणत्या वारी भरतो, तेही. भाजी, दूध, ज्वारीचे पीठ तिथेच घ्यायचे, म्हणजे गावातल्या दुकानाला चार पैसे मिळतात. आणि डाळीचे पीठ दोन किलो.

सोमवारी संध्याकाळी निघालो तेव्हा नूडल्सची सहा पाकिटे, सगळे बटाटे आणि एक अख्खा जार परत गाडीत चढला. माझे रिकामे डबे मात्र मावशींनी रिकामे जाऊ दिले नाहीत. एकात भज्जी होती, दुसऱ्यात उंडे. मंगळवारी रात्री पुण्याला ती भज्जी गरम करून वाढली. मामंजींनी चव घेतली आणि म्हणाले, "आज मुरली बघ. कालच्यापेक्षा बरी."