उसाच्या चिपाडाचे ताट

दूधगंगेच्या काठी, उसाच्या मळ्यांत वाढलेल्या सदलग्याच्या माणसाला चिपाड म्हणजे काय हे सांगावयास नको. गुऱ्हाळावर रस काढून घेतला की उरलेले चिपाड उन्हात वाळवावयाचे आणि चुलाणात सारावयाचे, एवढाच त्याचा उपयोग आपल्या आजोबांना ठाऊक होता. साखर कारखान्यात त्यालाच बगॅस म्हणतात. शंभर टन ऊस गाळला की सुमारे तीस टन ओले बगॅस निघते आणि त्याचा मोठा हिस्सा कारखान्याच्या बॉयलरमध्येच जळतो. अलीकडे या बगॅसला आणखी एक वाट फुटली आहे. त्याचा लगदा करून ताटे, वाट्या आणि झाकणाचे डबे बनवितात, आणि लग्नाच्या मांडवात ते आपल्यापुढे येतात. विकणारा सांगतो, "वनस्पतीपासून केलेले आहे, तेव्हा निर्धोक आहे." श्रोतेहो, या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे. त्यातून उत्तरार्ध आपोआप निघतो काय, हा आजचा विषय.

ही ताटे मांडवात आली कशी, ते थोडक्यात सांगतो. कर्नाटकाने २०१६ साली आणि शेजारच्या महाराष्ट्राने २०१८ साली प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बंदी घातली. पुढे १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकावयाची प्लॅस्टिकची ताटे, पेले, चमचे देशभर बंद झाले. बंदी योग्यच होती. जत्रेनंतर ओढ्यात तुंबलेला थर्माकोलचा ढीग ज्याने पाहिला आहे, तो तिच्याविरुद्ध बोलणार नाही. मात्र रिकाम्या झालेल्या जागी जे आले, त्याची चौकशी फारशी कोणी केली नाही.

त्यापूर्वीची आपली इस्तारी आठवा. पळसाची पाने आणि ती टाचण्यासाठी बारीक काड्या, एवढाच सारा ऐवज. डिंक नाही, रंग नाही, लेप नाही. तिच्यातही दोष होते. दमट जागी रचून ठेवली की पानांना बुरशी धरे, धूळ बसे. म्हणून जेवणाऱ्याने पाणी शिंपडून ती पुसून घ्यावी ही रीत होती, आणि ती शहाणपणाची होती. आज बाजारात यंत्रावर दाबलेली, गोल गुळगुळीत काठाची पत्रावळ मिळते. तीत पुष्कळदा पानाखाली पुठ्ठा असतो आणि वर पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा. अशा वेळी भात पानावर पडत नाही, प्लॅस्टिकवर पडतो. पान केवळ शोभेपुरते उरते.

आता चिपाडाकडे वळू. बगॅस अल्कलीत शिजवून त्याचा लगदा करतात, बहुधा तो पांढरा करतात, आणि तापलेल्या साच्यात दाबून ताट काढतात. हे ताट म्हणजे जाड कागदच. कागदावर भजी ठेवली की काय होते, ते आपण जाणतो. आमच्या भागातील आमटीचा कट, तांबडा रस्सा, तूप सोडलेला मसालेभात असल्या कागदाच्या ताटात वाढला, तर तेल झिरपून ताट मऊ पडावे. पण पुष्कळ ताटांत तसे होत नाही. का होत नाही, हा खरा प्रश्न आहे.

कारण असे की, लगद्यात तेल अडविणारे द्रव्य मिसळलेले असू शकते. जगभर या कामासाठी फ्लोरिनयुक्त द्रव्यांचे एक मोठे कुटुंब वापरले गेले. त्याला पीएफएएस या आद्याक्षरांनी ओळखतात. त्यांतील कार्बन आणि फ्लोरिन यांची जोड इतकी घट्ट असते की निसर्गात ती सहसा सुटत नाही. शरीरात गेल्यावर त्यांपैकी काही द्रव्ये वर्षानुवर्षे रक्तात राहतात. कोलेस्टेरॉल वाढणे, लस टोचल्यावर शरीराने द्यावयाचा प्रतिसाद मंदावणे, असे त्यांचे परिणाम आढळले आहेत. या कुटुंबातील पीएफओए नावाचे द्रव्य तर माणसाला कर्करोग करणारे आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ साली दिला. डेन्मार्कने जुलै २०२० पासून कागदी अन्नवेष्टनांत ही द्रव्ये बंद केली. अमेरिकेत तेल अडविण्यासाठी अन्नाच्या कागदात घालावयाची अशी द्रव्ये आता विकली जात नाहीत, असे तेथील अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले. युरोपीय संघाने आपल्या नव्या नियमावलीत त्यांच्या मर्यादेसाठी १२ ऑगस्ट २०२६ ही तारीख घातली.

म्हणून एका लग्नाचे जेवण जेवून कोणी आजारी पडेल, असे समजू नये. द्रव्य अन्नात किती उतरते ते उष्णता, तेल, आंबटपणा आणि वेळ यांवर अवलंबून असते. पंगतीतले ताट वीस मिनिटांत रिकामे होते. खाणावळीतून रोज आणलेला, रस्सा तासभर आत राहिलेला डबा ही वेगळी गोष्ट आहे. आणि तो डबाच पुन्हा गरम करावयास ठेवणे तर त्याहून वाईट. दुसरीही एक बाजू आहे. हे ताट कुजते, याचा आपल्याला आनंद वाटतो. परंतु त्यातले चिपाड कुजते, फ्लोरिनचे द्रव्य कुजत नाही. खतातून ते मळ्यात येते, मळ्यातून पाण्यात. म्हणजे ज्या उसाच्या सरीतून ताट निघाले, तिथेच ते आपला वाटा ठेवून जाणार. 'कुजण्याजोगे' असल्याचे प्रमाणपत्र कुजण्याविषयी बोलते. तेवढ्यावरून अन्नासाठी ते सुरक्षित ठरत नाही.

पोफळीच्या ताटांची गोष्ट निराळी. झावळीच्या बुडाशी असलेला रुंद पापुद्रा, ज्याला कानडीत हाळे म्हणतात, तो धुऊन तापल्या साच्यात दाबला की ताट होते. डिंकही लागत नाही. असे असताना मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही भांडी अन्नासाठी नकोत असे कळविले. त्यांचे म्हणणे असे की, सुपारीत असलेली अरेकोलीनसारखी नैसर्गिक द्रव्ये या पापुद्र्यातूनही अन्नात उतरू शकतात. शिवमोग्ग्यापासून मंगळूरपर्यंत कित्येक छोट्या कारखान्यांचे पोट या ताटांवर आहे, त्यामुळे तिकडे खळबळ उडाली. माझ्या मते तो निर्णय फार सावध आहे. अन्नात प्रत्यक्ष किती उतरते, याचे मोजमाप आपल्याच प्रयोगशाळांनी करून प्रसिद्ध करावयास हवे. शिवाय पावसाळ्यात कोळेरोगासाठी पोफळीवर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात. तेव्हा पापुद्रा नीट धुतला आहे की नाही, याला महत्त्व आहे.

भारतीय मानक ब्यूरोने २०२३ साली शेतीच्या उपउत्पादनांपासून केलेल्या जेवणाच्या भांड्यांसाठी आयएस १८२६७ हे मानक काढले. त्यात रसायने, राळ आणि चिकटद्रव्ये यांना मज्जाव आहे. तेव्हा मांडवाची खरेदी करणाऱ्या घरच्या कर्त्याने, मग ते लग्न असो, यात्रेचा महाप्रसाद असो वा आमच्या ख्रिस्ती मंडळींचे सणाचे जेवण, दुकानदाराला या मानकाचे नाव घेऊन विचारावे. लगद्याची ताटे असतील तर पीएफएएस नसल्याचा प्रयोगशाळेचा दाखला मागावा. घरी एक साधी परीक्षाही होते: ताटात चमचाभर कढत तेल अर्धा तास ठेवा. ते मुळीच झिरपले नाही, तर आत काही उपाय केलेला असण्याचा संभव आहे. तो उपाय कोणता, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी दाखलाच लागतो. दाखला नसेल तर कोरडे पदार्थ त्या ताटात वाढावेत आणि कढत आमटी स्टीलच्या वाटीत द्यावी. वाट्या धुण्यास पाणी कमी लागते, आणि गावोगावच्या देवस्थानांकडे व मंडळांकडे त्या भाड्याने मिळतातही.