दिवाणांची कादंबरी

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून संस्थानच्या दिवाणांच्या गोष्टी अजून निघतात. सर टी. माधवराव, सर मनुभाई मेहता, सर व्ही. टी. कृष्णम्माचारी ही नावे वडीलधाऱ्यांच्या तोंडी असतात. रमेशचंद्र दत्त हे नाव मात्र क्वचितच कानी पडते, आणि पडलेच तर अर्थशास्त्राचे पंडित म्हणून. या गृहस्थांनी शिवाजीमहाराजांच्या काळावर बंगालीत कादंबरी लिहिली होती, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. मग मनाला चुटपूट लागली. आपल्याच गावी वारलेल्या माणसाविषयी आपण इतके अजाण कसे राहिलो?

ही कादंबरी म्हणजे १८७८ सालचे 'महाराष्ट्र जीवनप्रभात'. मराठीत गुंजीकरांचे 'मोचनगड' १८७१ सालीच आले होते, पण हरिभाऊ आपट्यांच्या 'उषःकाला'ला अजून सतरा वर्षे अवकाश होता. शिवाय ही बंगाल्याने लिहिलेली! अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांची धास्ती तिकडच्या अंगाईगीतांतून उरली आहे. 'बर्गी' हा शब्द ऐकून ज्या प्रांतातील मुले निजली, त्या प्रांतातील एका तरुणाने मराठ्यांच्या उदयाला 'प्रभात' म्हणावे, यात मनाचा केवढा मोठेपणा आहे! आपल्या पूर्वजांच्या तलवारींचा अभिमान आपण बाळगतोच. परंतु तलवारीची झळ ज्यांना लागली त्यांच्यातील एकाने दिलेला मान मला अधिक मोलाचा वाटतो.

आता हा तरुण कोणत्या परिस्थितीत लिहीत होता ते पाहावे. १८४८ साली कलकत्त्यास जन्म; १८६८ साली घरच्यांच्या नकळत सुरेंद्रनाथ बॅनर्जी व बिहारीलाल गुप्त या मित्रांसह विलायतेस प्रयाण; १८७१ पासून सिव्हिल सर्व्हिसची नोकरी. मातृभाषेत लिहिण्याची हिंमत नव्हती. ती बंकिमचंद्रांनी दिली. आपल्याला बंगालीची शैली अवगत नाही, ही तक्रार त्यांनी मानली नाही. तुमच्यासारखे शिकलेले तरुण जे लिहितील तीच शैली होईल, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. पहिली कादंबरी 'बंगविजेता' आली १८७४ साली. त्याच वर्षी दत्त मेहेरपूरकडे दुष्काळाच्या कामावर होते. १८७६ च्या ऑक्टोबरअखेर प्रचंड तुफान होऊन समुद्र जमिनीवर चढला आणि हजारो माणसे वाहून गेली. त्यानंतर दक्षिण शाहबाजपूर या उद्ध्वस्त बेटाचा कारभार दत्तांकडे आला. पुढच्याच वर्षी 'माधवीकंकण', त्याच्या पुढच्या वर्षी 'जीवनप्रभात' आणि १८७९ साली महाराणा प्रतापांच्या काळावरील 'राजपूत जीवनसंध्या'. अकबरापासून औरंगजेबापर्यंतच्या शतकावरील या चार कादंबऱ्यांना त्यांनी एकत्र 'शतवर्ष' असे नाव दिले. दिवसा उपाशी माणसांची गणती करणाऱ्याला रजपूत-मराठ्यांच्या शौर्यकथा सुचाव्यात, हे प्रथम विचित्र वाटते. मागून वाटते, नेमक्या अशाच माणसाला त्या सुचाव्यात. खचलेल्या प्रजेला पूर्वजांची आठवण देण्याची निकड त्यालाच कळणार.

१९०४ साली सयाजीराव महाराजांनी त्यांना बडोद्यास आणले. शेतसाऱ्याच्या ओझ्याविषयी जन्मभर सरकारशी वाद घालणाऱ्या माणसाच्या हाती महाराजांनी महसूल खातेच सोपवले. १९०९ साली ते दिवाण झाले. त्याच वर्षी लंडनहून त्यांचे एक पुस्तक निघाले, 'द स्लेव्ह गर्ल ऑफ आग्रा'. हे 'माधवीकंकण'च, ऐन तारुण्यातले बंगाली पुस्तक साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी स्वतः इंग्रजीत उतरवले होते. त्याच वर्षी आपल्या गावी मराठी साहित्य संमेलनही भरले. आणि ३० नोव्हेंबर १९०९ रोजी दत्त बडोद्यातच निवर्तले. पुढे त्यांचे बालमित्र बिहारीलाल गुप्तही येथले दिवाण झाले.

गाणे शिकवणाऱ्या माणसाला यात एक ओळखीची खूण पटते. विशीत शिकलेली चीज साठीत पुन्हा गाताना शब्द तेच असतात, लय मात्र उतरलेली असते, आणि पूर्वी ओलांडून गेलेल्या जागा आता थांबवून धरतात. माझे वडील दरबारी गवई. त्यांच्या चिजा लिपीबद्ध करण्यासाठी मी एक वही केली होती. शिकवण्या आटोपल्या की बसू, सुटीत बसू, असे म्हणता म्हणता वडील गेले. वहीत एकोणीस चिजा उतरल्या. बाकीच्या माझ्या कानात आहेत, काही तिथेही नाहीत. वेळ नव्हता, असे मी आजवर सांगत आलो. दुष्काळ आणि तुफान यांच्या मधल्या फटीत चार कादंबऱ्या लिहिणाऱ्या या दिवाणांची हकीकत वाचल्यापासून ते सांगवत नाही.

गेल्या आठवड्यात वही पुन्हा काढली. विसावी चीज मालकंसातली आहे. अंतऱ्याची एक ओळ आठवत नाही. वडिलांच्या एका जुन्या शिष्यांकडे उद्या सकाळी जायचे आहे.