21 गिअर, डिस्क ब्रेक, डबल सस्पेन्शन आणि किंमत फक्त 8 हजार : अशी सायकल खरंच परवडते का?

जून संपत आला की विदर्भातल्या शाळा उघडतात आणि बऱ्याच घरांत एक वाद सुरू होतो. बार्शीटाकळीसारख्या गावात तो साधारण असा असतो. पोरगं मोबाईल पुढे करतं आणि म्हणतं, "बाबा, मले गिअरवालीच पाह्यजे." स्क्रीनवर जाड टायरची, पुढे-मागे सस्पेन्शन असलेली, डिस्क ब्रेकची सायकल. 21 गिअर. ऑफरमध्ये 8 हजार.

बाबांचा हिशोब वेगळा असतो. तेवढ्याच किंवा त्याहून कमी पैशात स्टँड, कॅरिअर, मडगार्डवाली साधी सायकल येते आणि ती वर्षानुवर्षं चालते.

त्यात सायकलच्या दुकानात तशीच दिसणारी दुसरी सायकल 20 हजारांची असते. मग पोरगं विचारतं, "ऑनलाइन 8 हजारात भेटते, तर दुकानदार 20 हजार कायचे घेते?" प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर सायकलच्या न दिसणाऱ्या भागांत आहे.

माउंटन बाईक आली कुठून?

आपल्याकडे जाड टायर आणि सरळ हँडलच्या सायकलला सरसकट 'रेंजर' म्हणतात. या प्रकाराचा जन्म 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत झाला. तिथली पोरं जुन्या, जड सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायची. 1976 मध्ये तिथे एक शर्यत सुरू झाली, तिचं नाव 'रिपॅक'. उतारावर मागचा ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि दरवेळी ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून हे नाव.

म्हणजे डोंगरात सायकलची पहिली परीक्षा झाली ती हबची आणि ब्रेकची. सस्पेन्शन तेव्हा नव्हतंच. माउंटन बाईकसाठी सस्पेन्शनचा चिमटा बाजारात यायला 1980 चं दशक संपावं लागलं.

आज 8 हजारांच्या सायकलमध्ये नेमकं उलटं होतं. सस्पेन्शन दिसतं, हब दिसत नाही. त्यामुळे खर्च दिसणाऱ्या गोष्टींवर होतो.

पैसे वाचवतात कुठे?

सस्पेन्शन : चांगल्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग किंवा हवा तर असतेच, शिवाय तिची उसळी आवरणारी यंत्रणाही असते. तिला डॅम्पिंग म्हणतात. स्वस्त सायकलमध्ये बहुतेक वेळा नुसती स्प्रिंग असते. ती खड्ड्यात दबते आणि तितक्याच जोरात उसळते. मागेही सस्पेन्शन असेल तर पायडल मारताना सायकल वरखाली होते आणि तुमची ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते. वर वजन वाढतं ते वेगळंच. अशी लोखंडी सायकल सहज 17-18 किलोची होते.

गिअर : पुढे 3 आणि मागे 7 चकत्या, म्हणून 3 गुणिले 7 बरोबर 21. पण यातले बरेच गिअर एकमेकांच्या जवळपास सारखेच पडतात. काहींमध्ये चेन इतकी तिरपी होते की ते वापरूच नयेत. सपाट रस्त्यावर शाळेत जाणाऱ्याला तीन-चार गिअर पुरतात.

मागचं हब : स्वस्त गिअर सायकलमध्ये सात चकत्यांचं फ्रीव्हील हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेलं असतं. त्यामुळे त्या बाजूचे छर्रे आत सरकतात आणि ॲक्सलचा बराच भाग आधाराविना राहतो. डबलसीट घेऊन खड्ड्यात आदळली की ॲक्सल वाकतो, कधी तुटतो. महाग सायकलमध्ये कॅसेट प्रकारचं हब असतं. त्यात छर्रे अगदी टोकाजवळ असतात, म्हणून ॲक्सल टिकतो.

ब्रेक : डिस्क ब्रेकचा एक खरा फायदा आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल रिमला लागला तरी ब्रेक लागतो. पण पातळ डिस्क वाहतुकीत वाकते, मग ती घासते आणि किंचाळते. वारंवार ॲडजस्ट करावी लागते. नीट बसवलेला रिमचा साधा ब्रेक हा असल्या डिस्कपेक्षा बरा.

खोका उघडल्यावर खरी अडचण

ऑनलाइन सायकलवर लिहिलेलं असतं, '85 टक्के असेम्बल्ड'. उरलेले 15 टक्के तुम्ही करायचे. म्हणजे हँडल, पुढचं चाक, सीट आणि पायडल.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. हे माहीत नसलं की माणूस पान्हा लावून जोर करतो आणि क्रँकचे आटे जातात. बरेच जण पुढचा चिमटाच उलटा बसवतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे सीटवर बसल्यावर पुढची डिस्क डाव्या हाताला दिसायला हवी. ती उजवीकडे आली तर चिमटा उलटा आहे.

शिवाय नव्या चाकाचे स्पोक पहिल्या काही आठवड्यांत सैल होतात. तेव्हा आउट काढून घेतला नाही तर चाक कायमचं बिघडतं. चांगल्या दुकानाच्या किमतीत ही जोडणी आणि पहिली सर्व्हिसिंग धरलेली असते.

90 तासांची सायकल

ही तक्रार फक्त आपल्याकडची नाही. 2022 च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सायकल मेकॅनिकांची एक याचिका गाजली. वॉलमार्टसारखी मोठी दुकानं आणि सायकल कंपन्या यांच्याकडे त्यांची मागणी होती की सायकल किमान 500 तास चालवण्याइतकी टिकाऊ बनवा. काही स्वस्त सायकली 90 तासांतच निकामी होतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा आकडा आपल्या हिशोबात बसवू. शाळेत जाऊन-येऊन रोज 40 मिनिटं सायकल चालवली तर 90 तास 135 दिवसांत भरतात. म्हणजे शाळेचं एक वर्षही नाही. 500 तास असतील तर तीन वर्षं आरामात निघतात.

मग घ्यायची कोणती?

बजेट 5 ते 8 हजार असेल तर बिनागिअरची, बिनासस्पेन्शनची सायकल घ्या. तेवढ्या पैशात भाग जितके कमी तितका प्रत्येक भाग बरा मिळतो. तिचे छर्रे, चेन, ब्रेकचे रबर गावातल्या मिस्त्रीकडे मिळतात. बाभळीचा काटा तर दोन्ही सायकलींना सारखाच लागतो.

मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत शाळेपासून 5 किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या 8वी ते 12वीच्या गरजू मुलींना राज्य सरकार सायकलसाठी पैसे देतं. ही मदत 2022 मध्ये 3,500 वरून 5,000 रुपये झाली. ज्या घरात ही रक्कम एकदाच येते, तिथे सायकल वर्षभरात भंगारात गेली तर पोरीची शाळाच अडचणीत येते.

गिअर हवेच असतील, रोज बार्शीटाकळी ते अकोला असं विसेक किलोमीटर अंतर कापायचं असेल, तर थोडं थांबा आणि 15 हजारांच्या पुढची, मागे सस्पेन्शन नसलेली सायकल बघा. सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, तो बिलात कमी झालाय का तेही पाहा.

दुकानातली प्रत्येक सायकल चांगलीच असते असं मात्र नाही. तीच 8 हजारांची डबल सस्पेन्शनवाली दुकानातही 10 हजारांना मिळते. म्हणून घेण्याआधी एवढं करा :

- चाक उचलून फिरवा. ते डुलतंय का ते बघा.
- चाक धरून डावी-उजवीकडे हलवा. खटखट वाजलं तर छर्रे सैल आहेत.
- दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. ती हलायला नको.
- सर्व्हिसिंग किती वेळा फुकट आणि पार्ट कुठे मिळणार, ते विचारून घ्या.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. घेण्याआधी गावातल्या मिस्त्रीला मोबाईलवरचा फोटो दाखवा आणि विचारा, "ही बिघडली तर दुरुस्त होईल का?" तो नाही म्हणाला, तर ऑफर कितीही भारी असली तरी ती सायकल तुमच्यासाठी महागच आहे.